सुट्टीतील बालसंगोपन, श्रमिक पालकांच्या मुलांचे

शाळेला दीर्घ सुट्टी असताना आई व वडील दोघेही मजुरी किंवा नोकरी करीत असल्यास त्यांच्या मुलांच्या देखभालीसाठी कामाच्या जागी अथवा कामाच्या अनुषंगाने केलेली व्यवस्था. पाळणाघराशी हा विषय निकटचा असला, तरी दोहोंत भेद आहे. पाळणाघर हे शाळेत न जाणाऱ्या, साधारणपणे सहा वर्षांखालील मुलांसाठी असते व ते वर्षभर चालते. सुट्टीतील संगोपनाचा प्रश्न मुख्यतः सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा असून तो दिवाळीत व उन्हाळ्यात असा वर्षातून दोनदा उद्‌भवतो. एरवी काही तास का होईना, शाळाच पालकांच्या वतीने मुलाला सांभाळीत असते. ती बंद होताच हे काम कोणाकडे जाते, याचा शोध घेऊ लागल्यास महाराष्ट्रातील श्रमजीवी वर्गाच्या इतिहासाचा फारसा न लिहिला गेलेला भाग हाती लागतो. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यात तो विशेष स्पष्टपणे दिसतो. या जिल्ह्याच्या उत्तर भागात साखर कारखान्यांची व दक्षिण भागात दुष्काळी कामांची परंपरा आहे. आणि पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी या गावी या प्रश्नाला, तो प्रश्न म्हणून कोणी मांडलेला नसतानाही, वेगळ्याच वाटेने काही अंशी उत्तर मिळाले.

यूरोपात या दोन व्यवस्था प्रथमपासूनच वेगळ्या वाढल्या. कामकरी स्त्रियांच्या तान्ह्या मुलांसाठी फीरमँ मार्बो याने पॅरिस येथे १८४४ मध्ये पहिले शिशुगृह उघडले. शाळकरी मुलांच्या सुट्टीचा विचार त्यानंतर सु. तीस वर्षांनी सुरू झाला. झुरिकचा धर्मोपदेशक व्हाल्टर बिऑन याने १८७६ मध्ये शहरातील गरीब मुलांना उन्हाळ्याच्या सुट्टीत डोंगराळ प्रदेशात नेले. त्यातून निघालेल्या सुट्टीतील वसाहती पुढे फ्रान्समध्ये फार लोकप्रिय झाल्या. लंडनमध्ये मेरी वॉर्ड (मिसेस हंफ्री वॉर्ड) या कादंबरीकर्त्रीने १९०२ मध्ये सुट्टीतील शाळा काढली. हे सर्व उपक्रम परोपकारबुद्धीचे होते. मालकाचे कर्तव्य म्हणून त्यांच्याकडे पाहिले गेले नाही. सोव्हिएट रशियात क्रिमियातील आर्तेक येथे १९२५ मध्ये मुलांची शिबिर-वसाहत सुरू झाली व नंतरच्या काळात अशा अनेक वसाहती कामगार संघटना व कारखाने यांच्यामार्फत चालविल्या जाऊ लागल्या. सुट्टीचा संबंध कामाच्या जागेशी प्रत्यक्ष जोडला गेला, तो येथे.

मुंबईच्या कापड गिरण्यांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून स्त्रिया मोठ्या संख्येने काम करीत. लहान मूल घरी निजून राहावे म्हणून त्याला अफूची गोळी देण्याची चाल गिरणगावात रूढ होती. शाही श्रम आयोगाने (१९२९–३१) गिरण्यांत पाळणाघरे असावीत, अशी शिफारस केली. नागपूरच्या एम्प्रेस मिलसारख्या काही गिरण्यांनी त्यापूर्वीच ती काढली होती. मोठ्या मुलांचा प्रश्न मात्र कामगारांनी स्वतःच सोडविला होता व त्याचे साधन होते गाव. गिरणी कामगारांपैकी बहुसंख्य कोकण व घाट या भागांतून आलेले असून त्यांचे घर, जमीन व वडीलधारी माणसे गावीच असत. एप्रिल-मे महिन्यांत कामगार रजा घेऊन किंवा सरळ गैरहजर राहून मुलांसह गावी जाई. गिरण्यांतील गैरहजेरीचे प्रमाण या महिन्यांत वाढत असे आणि रिकामी झालेली जागा ‘बदली’ कामगार भरून काढीत. लग्नसराई, पेरणीपूर्व मशागत आणि मुलांची सुट्टी या तिन्ही गोष्टी त्या रजेत उरकल्या जात. पालक परतल्यावरही मुले आजोळी राहत ती शाळा उघडेपर्यंत. ‘मामाचा गाव’ या कल्पनेभोवती मराठी मनात जे काव्य साठले आहे, त्याच्या मुळाशी शहरातील एका खोलीच्या संसाराची ही निकड होती, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही. मध्यमवर्गीय नोकरदारांच्या बाबतीत केंद्र शासनाने १९५६ मध्ये सुरू केलेल्या रजा प्रवास सवलतीने याच प्रथेला आर्थिक आधार दिला.

या प्रथेला एक मर्यादा होती. जो गाव सोडून शहरात गेला, त्याच्याच मुलांना सुट्टीत गावाचा आसरा मिळे. जो गावीच मजुरी करी, त्याला दुसरा गाव नव्हता.

कायद्याने जी तरतूद केली, ती वयाच्या निकषावर. १९३४ च्या कारखाने अधिनियमाने पन्नासाहून अधिक स्त्रिया काम करीत असलेल्या कारखान्यांत सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली राखून ठेवण्याचे नियम करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला. कारखाने अधिनियम, १९४८ च्या ४८ व्या कलमान्वये पाळणाघर सक्तीचे झाले. स्त्री कामगारांच्या संख्येची अट आरंभी पन्नासाहून अधिक अशी होती, ती १९७६ च्या दुरुस्तीने तीसाहून अधिक अशी करण्यात आली. मळे कामगार अधिनियम (१९५१) व बिडी आणि सिगार कामगार अधिनियम (१९६६) यांतही अशीच कलमे घालण्यात आली. नगर व संगमनेर येथे बिडीधंदा मोठा होता. परंतु बिड्या वळण्याचे काम बव्हंशी घरी बसून चाले व तेथे पाळणाघराचे कलम लागू होत नसे. संख्येची अट स्त्रियांपुरती असल्याने स्त्रियांची भरती त्या संख्येच्या आतच ठेवण्याकडे मालकांचा कल होतो, ही टीका या कायद्यावर सातत्याने झाली व ती अनाठायी म्हणता येणार नाही. सहा वर्षांची मर्यादा घालण्यामागे, त्यानंतर मूल शाळेत जाते असे गृहीत होते. शाळा वर्षातील बारा महिने भरत नाही, ही गोष्ट या गृहीतात आली नाही.

पाळणाघर व शाळा यांतील ही फट महाराष्ट्रात प्रथम ओळखली ती कारखान्यांशी संबंध नसलेल्या दोन शिक्षणतज्ञ स्त्रियांनी. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर जिल्हा) बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले व पुढे ते कोसबाड येथे नेले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत. आदिवासी मुली शाळेत येत नाहीत, कारण पालक मजुरीला गेल्यावर धाकट्या भावंडांना त्याच सांभाळतात, असे त्यांच्या अनुभवास आले. यावर त्यांनी विकासवाडीचा उपाय योजला : पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा चालविली. शाळेने मुलांच्या सवडीनुसार आपले वेळापत्रक बदलावे, हा या प्रयोगांचा गाभा होता. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने त्यांच्या कार्यातून आलेला ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर पोहोचविला. परंतु ही अंगणवाडी दिवसातील काही तासच चालणारी व सहा वर्षांखालील मुलांचीच राहिली.

बांधकामावरील मजुरांच्या मुलांसाठी मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये दिल्लीत फिरती पाळणाघरे सुरू केली. ती पुढे मुंबई व पुणे येथेही निघाली. या केंद्रांनी पाळण्यातील मुलांबरोबर शाळकरी वयाच्या मुलांनाही सामावून घेतले. मजुरांचे कुटुंब कामाच्या जागीच राहत असल्याने वयाची रेषा तेथे पाळता येण्यासारखीच नव्हती.

ग्रामीण महाराष्ट्रात हा प्रश्न उघडा पडला तो १९७२ च्या दुष्काळात. या दुष्काळात नगर जिल्हा अतिशय होरपळला. मे १९७३ मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवरील मजुरांची दैनिक उपस्थिती सु. पन्नास लाखांपर्यंत गेली होती. महिना मे होता, ही बाब येथे महत्त्वाची आहे. दुष्काळी कामांची तीव्रता शेतीची कामे संपल्यावर, म्हणजे ज्वारीची काढणी झाल्यापासून पहिल्या पावसापर्यंत, सर्वाधिक असते आणि शाळांची उन्हाळी सुट्टी नेमकी याच काळात येते. खडी फोडणे, रस्ते, पाझर तलाव व बांधबंदिस्ती या कामांवर स्त्रियांची संख्या फार मोठी असे. तान्ह्या मुलाची झोळी बाभळीला बांधलेली, तिला झोका देण्यास सात-आठ वर्षांची बहीण बसलेली आणि तिच्याहून मोठा मुलगा घमेली उचलू लागलेला, हे त्या कामांवरचे नेहमीचे दृश्य होते. कामावर सुकडी वाटली जाई. मुलांना तेथे नेण्याचे तेही एक कारण होते. घरी सावली असेल, पण अन्न कामावर होते.

वि. स. पागे यांच्या प्रेरणेने १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात प्रयोगरूपाने सुरू झालेली रोजगार हमी योजना १९७२ मध्ये राज्यभर लागू झाली. तिचा अधिनियम १९७७ मध्ये संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला (⟶ रोजगार हमी योजना). पिण्याचे पाणी, सावली, प्रथमोपचार व लहान मुलांची देखभाल या सोयी कामाच्या जागी असाव्यात, हे तत्त्व या योजनेने स्वीकारले. महात्मा गांधी राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी अधिनियमाने (२००५) ते अधिक नेमके केले. कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले आल्यास त्यांना सांभाळण्यासाठी कामावरीलच एका स्त्रीची नेमणूक करावी व तिला मजुरीच्या दराने वेतन द्यावे, असे त्यात ठरविण्यात आले. मजूर स्त्रीच्या बालसंगोपनाला वेतनयोग्य काम मानणारी ही तरतूद महत्त्वाची होय. तथापि सहा वर्षांची रेषा तीत कायम राहिली. सातव्या वर्षी मूल तिच्या बाहेर जाई आणि सुट्टी असल्यास तेच मूल धाकट्याला घेऊन कामावर येई.

राळेगणसिद्धीची ख्याती पाळणाघरासाठी नाही. पुणे-नगर मार्गापासून थोड्या अंतरावर पारनेर तालुक्याच्या पर्जन्यछायेतील भागात वसलेल्या या गावाचे क्षेत्र सु. ९८२ हेक्टर आहे. १९७५ पूर्वी गावात ओलिताखालील जमीन फारच थोडी होती. एका पावसाळी पिकावर वर्ष निघत नसे. दारूच्या भट्ट्या हा काहींचा व्यवसाय झाला होता व पुष्कळ कुटुंबे शेजारच्या गावी मजुरीस जात. अशा मजुरीला पायी निघालेल्या आईवडिलांच्या मागे मूल शाळेच्या दिवसांत निदान गावच्या शाळेत असे. सुट्टीत ते एक तर घरी एकटे राही किंवा त्यांच्या मागोमाग चाले.

किसन बाबूराव तथा अण्णा हजारे (जन्म १५ जून १९३७) लष्करातील सेवेनंतर १९७५ मध्ये गावी परतले. यादवबाबांच्या मंदिराचा जीर्णोद्धार, दारूबंदी व त्यापाठोपाठ पाणलोट क्षेत्राचा विकास असा गावाचा पुढील क्रम राहिला. नायगाव (ता. पुरंदर) येथील विलासराव साळुंखे यांचे पाणी पंचायतीचे कार्य त्यांच्यासमोर होते. नाला बांध, पाझर तलाव, समतल चर, वृक्षारोपण ही कामे शासकीय योजनांचा निधी व ग्रामस्थांचे श्रमदान यांच्या जोडीने झाली. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, कुटुंबनियोजन व श्रमदान ही गावाची पंचसूत्री पुढे राज्याच्या आदर्श गाव योजनेने (१९९२) उचलली. विहिरींना पाणी आले, दुसरे पीक निघू लागले आणि मजुरीसाठी बाहेर जाणे कमी होत गेले.

बालसंगोपनाच्या दृष्टीने या बदलाचा अर्थ वेगळा लावावा लागतो. इतरत्र मुलांची सोय कामाच्या जागी नेण्याचा प्रयत्न झाला. येथे कामाची जागाच मुलांच्या जवळ आली. आई आपल्याच शिवारात कामाला असली, म्हणजे दुपारी घरी येऊ शकते; घरात आजी असते, आळीत चुलत्यांचे घर असते व बालवाडी हाकेच्या अंतरावर असते. सुट्टी ही अशा गावात आपत्ती राहत नाही. पाणलोट विकासाच्या अहवालांत पाण्याची पातळी, पीकक्षेत्र व दूध यांचे आकडे दिलेले असतात. सुट्टीत मूल कोठे होते, याचा रकाना त्यांत नसतो. असे असले, तरी स्थलांतर थांबल्याचा सर्वांत थेट लाभ मुलांना झाला, असे म्हणण्यास हरकत नाही.

गावाने शाळेच्या बाबतीतही अशीच भूमिका घेतली. संत निळोबाराय विद्यालय हे माध्यमिक विद्यालय गावकऱ्यांच्या प्रयत्नातून उभे राहिले. इतरत्र अनुत्तीर्ण झालेल्या किंवा शाळेने नाकारलेल्या मुलांना प्रवेश देणे व त्यांना वसतिगृहात ठेवून शिकविणे, ही त्याची विशेष ओळख झाली. पालक दिवसभर कामावर असल्याने ज्यांच्याकडे लक्ष देण्यास कोणी नव्हते, अशा मुलांनाही अशा वसतिगृहाचा आधार होतो.

या चित्राची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. पाणी आल्याने शेतीतील कामाचे दिवस वाढले आणि त्या वाढीचा मोठा वाटा स्त्रियांच्या अंगावर पडला. पारनेर तालुक्यात वाटाणा व कांदा ही पिके महत्त्वाची आहेत. उन्हाळ कांद्याची काढणी व काटणी मार्चपासून मेपर्यंत चालते. या कामात घरची मुले सुट्टी लागताच सामील होतात. कामगारविषयक कायद्यांत शाळेच्या सुट्टीचा शब्दशः उल्लेख आला, तोही याच संदर्भात. बालकामगारविषयक अधिनियमाच्या २०१६ मधील दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सर्वत्र बंदी केली. मात्र धोकादायक नसलेल्या कौटुंबिक व्यवसायात शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत मदत करण्याची मुभा ठेवली. म्हणजे कायद्याने सुट्टीची दखल घेतली ती मुलाच्या श्रमासाठी, संगोपनासाठी नव्हे.

नगर जिल्ह्याच्या साखरपट्ट्यात प्रश्नाचे रूप याहून अवघड आहे. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने व धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली प्रवरानगर येथे सुरू झालेल्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. त्यानंतर राज्यात कारखाने वाढले, तसा ऊसतोडणीसाठी दरवर्षी होणारा स्थलांतराचा ओघही वाढला. बीड जिल्हा व नगर जिल्ह्यातीलच पाथर्डी, शेवगाव, जामखेड हे तालुके या मजुरांचे प्रमुख उगमस्थान होत. मुकादमाकडून उचल घेतलेले पती-पत्नी मिळून ‘एक कोयता’ धरला जातो; त्यामुळे आई घरी राहण्याचा पर्याय करारातच संपलेला असतो. कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात व मार्च-एप्रिलमध्ये परततात.

शाळेचे पहिले सत्र दिवाळीच्या सुट्टीने संपते. मूल शाळा सोडत नाही. ते फक्त सुट्टीवर जाते, आणि सुट्टी संपल्यावर शाळा उघडते तेव्हा शंभर-दोनशे किलोमीटर दूर उसाच्या फडात किंवा कोपीवर असते. ते परत येते तोवर वार्षिक परीक्षा जवळ आलेली असते आणि तीनंतर उन्हाळी सुट्टी लागते. पालक गावी असतात तेव्हा शाळेला सुट्टी व शाळा भरते तेव्हा पालक परगावी, असा हा उलटा मेळ आहे. तोड पहाटेच्या अंधारात सुरू होते. मोठी मुलगी कोपी राखते, पाणी भरते, धाकट्यांना सांभाळते. ऊसतोड मजूर मुकादमामार्फत येत असल्याने कारखान्याच्या दृष्टीने तो ‘आपला’ कामगार नसे व फड हा कारखान्याच्या आवारात मोडत नसे. म्हणून कारखाने अधिनियमातील पाळणाघर त्याच्या मुलापर्यंत कधी पोहोचले नाही. आंतरराज्य स्थलांतरित कामगार अधिनियमाचा (१९७९) उपयोगही राज्यांतर्गत स्थलांतरितांना नव्हता.

यावर १९९० नंतर साखरशाळांचा उपाय पुढे आला. कोप्यांच्या वस्तीजवळ हंगामापुरती शाळा भरवावी, अशी ही कल्पना. औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) ‘जनार्थ’सारख्या संस्थांनी शासन व कारखाने यांच्या सहकार्याने त्या चालविल्या. साखरशाळा ही नावाने शाळा असली, तरी कार्याने बरीचशी कामाच्या जागेवरील संगोपनगृह होती. धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन मुली तेथे येत. मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम (२००९) १ एप्रिल २०१० पासून लागू झाल्यावर अनौपचारिक शाळांचे स्थान डळमळले व भर हंगामी वसतिगृहांकडे वळला. मुलाने गावीच राहावे, नातेवाईकाकडे झोपावे व शासनाच्या खर्चाने जेवावे, असे त्यांचे स्वरूप आहे. पालकांसोबत गेलेल्या मुलास दुसऱ्या शाळेत विनाअडथळा बसता यावे, यासाठी शिक्षण हमी पत्रक देण्यात येऊ लागले. २०२१ मध्ये राज्य शासनाने संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर केली. तीत ४१ तालुक्यांत मुलांची व मुलींची प्रत्येकी एक अशी ८२ वसतिगृहे योजिली असून पहिल्या टप्प्यात बीड, अहमदनगर व जालना हे जिल्हे घेण्यात आले. मूल स्थलांतरापासून वाचविण्याचा हा मार्ग प्रभावी असला, तरी त्याची किंमत सहा महिन्यांच्या ताटातुटीची आहे. पाच-सहा वर्षांच्या मुलाला मागे ठेवण्यास आया तयार होत नाहीत, यात आश्चर्य नाही.

संघटित क्षेत्रात अलीकडे काही बदल झाले. प्रसूती लाभ अधिनियमाच्या २०१७ मधील दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करणे व आईला दिवसातून चार वेळा तेथे जाऊ देणे बंधनकारक केले. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अंमलात आलेल्या कामगार संहितांनी जुन्या अधिनियमांची जागा घेतली. त्यांत पाळणाघरासाठी स्त्रियांची संख्या न पाहता एकूण कामगारांची संख्या पाहिली जाते, ही सुधारणा होय. मात्र कारखान्यांपुरते पाहिल्यास तीस स्त्रियांऐवजी पन्नास कामगारांची अट लहान उद्योगांना सोडून देणारी ठरू शकते. शाळकरी मुलाचा विचार करणारी सवलत म्हणजे बालसंगोपन रजा. केंद्र शासनाने सहाव्या वेतन आयोगानंतर २००८ मध्ये स्त्री कर्मचाऱ्यांना मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत एकूण ७३० दिवसांची व महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये १८० दिवसांची अशी रजा दिली. परीक्षा, आजार व सुट्टी या तिन्हींसाठी ती वापरता येते. खाजगी नोकरीत ती मालकाच्या मर्जीवर अवलंबून आहे; रोजंदारीत तिचा प्रश्नच येत नाही. शहरांतील नोकरदार पालक उन्हाळी शिबिरे, संस्कारवर्ग, बालभवने व घरगुती पाळणाघरे यांचा आधार घेतात. ही सर्व विकत घेण्याची सोय आहे.

मजुरांच्या मुलांसाठी सुट्टीशी थेट जोडलेली शासकीय तरतूद शोधल्यास ती अखेर शालेय पोषण आहारात सापडते. सुट्टी लागली, की शाळेतील दुपारचे जेवणही थांबते आणि दुष्काळी वर्षात हा खंड मुलांना जाणवतो. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००४ मध्ये दुष्काळग्रस्त भागात उन्हाळी सुट्टीतही हे जेवण देण्याचा आदेश दिला व मे २०१६ मध्ये त्याचा पुनरुच्चार केला. त्यानुसार महाराष्ट्रातील दुष्काळी तालुक्यांत त्या वर्षी सुट्टीत शाळा जेवणापुरत्या उघड्या ठेवण्याच्या सूचना निघाल्या. जेवण वाटण्याची वेळ झाली, की मुले येत व ती संपली, की परत जात. उरलेला दिवस त्यांनी कोठे काढावा, याबाबत आदेशात काही नव्हते.